जाळीतली जागा

दुपारी दीड वाजला की टायरवाल्याच्या घरात रोज एकच गडबड उडे. सहा वर्षांच्या राजाला मच्छरदाणीत झोपवायचं. त्याची आई चारही दोऱ्या ताणून बांधे, जाळीच्या कडा गादीखाली खोचे आणि आत एखादा डास राहिलाच असेल तर टाळी वाजवून त्याचा निकाल लावी. नऊ वर्षांची थोरली त्या वेळी मागच्या अंगणात, जुन्या टायरांच्या राशीशेजारी भांडी घासत असे. घरभर गरगर फिरते म्हणून बापाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. काम आटोपलं की ती दाराशी चटईवर लवंडे.

भिंगरीला गेल्या वर्षी डेंगी झाला होता. चार दिवस कण्हली, पाचव्या दिवशी उठून केर काढला. तेव्हापासून "तिला होऊन गेलाय" हे वाक्य त्या घरात सरकारी दाखल्यासारखं चालत होतं. डासांत बसायचं? तिला होऊन गेलाय. टायरांमागची अडगळ उपसायची? तिला होऊन गेलाय.

घरोघर तपासणी करणाऱ्या नर्सताई आल्या, त्यांनी टायरात बॅटरी मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या.

"हे आजच रिकामे करा. हा डास दिवसा चावतो. आणि मुलीला जपा हो, गेल्या वर्षी डेंगी झालाय तिला. एकदा झालेल्या पोराला दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जातो."

"गोवर कुठे दोनदा येतो, ताई?" टायरवाला हसला.

"हा गोवर नाही, दादा. डेंगीच्या चार जाती आहेत. एक होऊन गेली म्हणून बाकीच्या तीन सोडत नाहीत."

आईने मान डोलावली. नर्सताईंची पाठ वळली तशी तिने हाक मारली, "भिंगरे, तेवढं पाणी उपस गं. राजा, तू आत हो, चावतील!" भिंगरीने चार टायर उलटे केले, तेवढ्यात तिला दुधाला पिटाळलं. बाकीचे तसेच राहिले.

पंधरा दिवसांनी राजा तापला. बापाने दुकान बंद केलं आणि त्याला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. डेंगीच निघाला. उशाशी बसायला अर्थातच भिंगरी; शाळा बुडाली तर बुडाली. आठवड्याभरात राजा खणखणीत बरा झाला आणि भिंगरीने अंथरूण धरलं.

"तिला होऊन गेलाय. हा साधाच असणार," बाप म्हणाला. या वेळी दुकान उघडंच राहिलं. आईने त्याच्या कंबरदुखीची गोळी अर्धी करून पोरीला दिली. आईला आतून कसंसंच होत होतं, नाही असं नाही. पण नुसतं कसंसं होऊन पोर दवाखान्यात पोचत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. आईचा जीव भांड्यात पडला.

"उतरला गं बाई! ऊठ, तोंड धू."

"आई, पोटात खूप दुखतंय. तीनदा उलटी झाली."

"चार दिवस लोळलीस ना, आता काम दिसलं की पोट दुखणारच."

भिंगरी भिंत धरून अंगणात गेली. दोन ताटं घासली. तिसरं हातातून पडलं. त्या आवाजाने आई चिडून बाहेर आली, तर पोर टायरांना टेकून बसलेली, ओठ निळसर, हिरड्यांतून रक्त.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी भराभर सलाइन लावली. लिहिता लिहिता विचारलं, "आधी कधी डेंगी झाला होता का?"

"हो, हो! होऊन गेलाय," आई घाईघाईने म्हणाली, जणू त्या उत्तरावर पोर सुटणार होती.

पेन थांबलं. "मग ताप उतरून पोट दुखायला लागल्यावर लगेच का नाही आणलंत? खरा धोका तेव्हाच असतो."

"ताप उतरला म्हणूनच नाही आणलं हो."

संध्याकाळी सहाला भिंगरी गेली.

तिसऱ्या दिवशी शेजारीण भेटायला आली. डोळे पुसत म्हणाली, "नशीब बाई एकेकाचं. निदान राजाची तरी काळजी मिटली. त्याला आता होऊन गेलाय."

आई ताडकन उठली. "ते वाक्य माझ्या घरात पुन्हा काढायचं नाही!"

ती मागच्या अंगणात गेली आणि एकेक टायर ओढून उलटा करू लागली. नवरा दारात उभा राहून बघत होता. "तूही धर," ती म्हणाली. तो खाली मान घालून आला.

दुपारी तिने राजाला झोपवलं, दोऱ्या बांधल्या आणि डास शोधायला आज ती पुरती जाळीच्या आत शिरली. राजा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याच्या पाठीमागे अर्धी गादी मोकळी होती. तिने त्या मोकळ्या गादीवरून हात फिरवला. नऊ वर्षांची पोर सहज मावली असती, एवढी जागा होती. ती पहिल्यापासूनच होती.