कानशीखाली गेलेला सूर

मी पायपेटी बोलतेय. आवाज फुटत नाही म्हणता? तेच तर माझं रडगाणं आहे.

नागभीडच्या एका नाटक मंडळीत मी उभी हयात काढली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम लागतो. आज या गावी, उद्या त्या गावी. मला वाजवायचे गुणवंतराव. पाय भात्यावर, बोटं पट्ट्यांवर आणि डोळे गाणाऱ्याच्या तोंडावर. याच कामावर त्यांचं घर चालायचं.

मंडळीत मुखरू होता. पडदा फाटला, खुर्ची मोडली, जनरेटर रुसला की बोलवा मुखरूला! भला माणूस, कामाला कधी नाही म्हणाला नाही. माझा भाता फाटला तेव्हा त्यानं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि मी पुन्हा वाजू लागले. तेव्हापासून त्याला वाटलं, पेटीचं सगळंच आपल्याला येतं.

दोन हजार दोनच्या हंगामात माझे काही सूर उतरले. गुणवंतराव म्हणाले, "चंद्रपूरच्या जलालुद्दीनभाईले दाखवून आणतो." ते पेट्यांचे जुने कारागीर.

मुखरूचा चेहरा पडला. "चंद्रपूरले काऊन जाता भाऊ? मी मेलो काय?"

गुणवंतरावांनी चंद्रपूरचा बेत सोडला आणि मला त्याच्यापुढे ठेवलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून! भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

माझे सूर आतल्या पितळी जिभांत असतात. टोक किंचित घासलं की सूर चढतो, एवढं मुखरूनं ऐकलेलं. बिजागरी घासावी तशी त्यानं कानस चालवली. सूर भलताच चढला. मग उतरवायला बुडाशी घासलं. झिजलेल्या जिभा वाजवताना एकेक करून तुटल्या.

शेवटी दोघांनी मला चंद्रपूरला नेलं. जलालुद्दीनभाई म्हणाले, "भाता मस्त जोडला कोनी तरी. पन या जिभा आता मिळत नाईत. पहिलेच काऊन नाई आणलं?"

"सवड नाई झाली," गुणवंतराव म्हणाले. मुखरूनं मान खाली घातली.

मंडळीनं कीबोर्ड घेतला, त्यासोबत नवा वादकही आला. गुणवंतराव आता मंडपाच्या दाराशी तिकिटं फाडतात. मी मुखरूच्या पडवीत असते. तो माझं लाकूड पुसत राहतो, आणि मला त्याची कीव येते.

परवा गुणवंतराव आले, तेव्हा त्यानं विचारलंच, "भाऊ, तवाच मले नाई काऊन नाई म्हटलं?"

"तुले वाईट वाटलं असतं ना बाबू."

मुखरू माझ्या झाकणावर डोकं टेकून रडला. माणसांनो, जिवाभावाच्या माणसाला वेळेवर नाही म्हणत जा. माझा तर सूर गेला. गुणवंतरावांचं सगळंच गेलं.