कंट्रोल कुणाकडं

काटेवाडीत आता मला राजेश्वरी म्हणत न्हाईत, शेपटी म्हणत्यात. डेअरीत दूध घालाय गेलं की पोरं इचारत्यात, "काय शेपटी, आज कुठं घासलीस?" हे नाव मला कॅप्टन निहारमुळं पडलं. बारामतीत विमान शिकवायचा तो मला.

त्या दिवशी उतरताना चाकं टेकायच्या आधीच विमान जरा वर उचललं गेलं. असं झालं की नाक हाय तसं धरायचं, इंजिनाचा जोर वाढवायचा न् परत वर जायचं. मी तेच करत हुते. तेवढ्यात शेजारून निहारनं कंट्रोलचा दांडा खसकन मागं ओढला. नाक वर, शेपूट खाली धावपट्टीला, खर्रर्र!

दोघांचे कंट्रोल जोडलेले असत्यात, एकानं ओढला की दुसऱ्याचापण येतो. म्हणून घेताना मोठ्यानं म्हणायचं, "माझा कंट्रोल." हा बाबा बोललाच न्हाय. वर चौकशीत म्हणाला, "मी हातसुद्धा लावला नाही, पोरीनंच ओढलं." माझं लायसन्स अडकलं. माझ्या वडलांनी, तात्यांनी, चार माणसांत बसणं सोडलं. असा संताप आला म्हणून सांगू! मनात म्हटलं, थांब लेका, तुझी खोड तुझ्याच हातानं दावते.

त्याचा हात तोंडाच्या आधी पळतो, हे शिकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. पण लायसन्सला सही त्याची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

शेवटच्या सुनावणीला इंदिराबाई आल्या, बाहेरच्या तपासनीस, सोता पायलट. मी म्हटलं, "मॅडम, तुमी माझ्या जागी बसा, सर शेजारी, मी मागं. उतरताना मुद्दाम जरा उचला."

निहार हसला. "चला की, बघूच."

उसाची शेतं मागं पडली, धावपट्टी आली. बाईंनी विमान जरा उचललं. निहारचं तोंड बंद, हात मात्र गेला! बाई तयारच हुत्या. त्यांनी कंट्रोल घट्ट धरला, जोर वाढवला न् विमान वर नेलं.

"कॅप्टन, कंट्रोल कोणाच्या हातात आहे?"

त्यानं खाली बघितलं. मूठ अजून आवळलेलीच हुती.

उतरल्यावर बाई आत जाऊन बसल्या. निहारनं मला बाहेर गाठलं. घामानं निथळत हुता.

"राजेश्वरी, आधीही असं झालंय का, असं त्या विचारतील. तू नाही म्हण. एकदाच झालं म्हटलं तर वाचेन मी."

"न्हाय म्हटलं तर तुमी वाचाल व्हय?"

"हो गं. पाया पडतो तुझ्या."

मी त्याच्यासमोरच फोन काढला. त्याच्याकडंच शिकलेल्या सौरभला लावला, माधवीला लावला, अविराज लांब बावडा गावात हुता त्यालापण लावला. "या रं समदी. कुणाकुणाच्या हातनं ह्यानं कंट्रोल ओढलाय, ते सांगायला या. मॅडम ऐकायला बसल्यात."

निहार मटकन पायरीवर बसला. लई बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?