एकमताने मंजूर

शाखेची खोली रंगाच्या दुकानावर होती. जिना चढतानाच टर्पेंटाइनचा वास नाकात शिरायचा आणि बैठक संपेपर्यंत डोकं धरायचं. घडीच्या लोखंडी खुर्च्या, एक टेबल आणि वक्त्यापेक्षा जास्त बोलणारा पंखा, एवढाच काय तो संसार. फिटर या खोलीत अध्यक्ष होता. दिवसभर बस डेपोत इंजिनाखाली उताणा पडायचा आणि इथे आला की गळ्यापर्यंत बटणं लावून ताठ बसायचा. "अशा वेशात इंजिनसुद्धा ओळख देणार नाही तुम्हाला," असं म्हणून बायको त्याची फिरकी घ्यायची.

बायकोला शाखेत सगळे वहिनी म्हणत. खरं तर पक्षात आधी आली ती. फिटरला या जिन्यावर तिनेच चढवलं, तेही लग्नाच्या आधी. त्याला तेव्हा पक्षाशी काही देणंघेणं नव्हतं, जे काही होतं ते तिच्याशी. पण पुढे तो झाला अध्यक्ष आणि ती झाली वहिनी. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून तिच्या वतीने इथे मीच ती करून ठेवतो.

आजच्या बैठकीचा पहिला विषय वहिनी हाच होता. पक्षातून काढायचं की नाही?

ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. तिथे चादरींच्या इस्त्रीयंत्रात एका बाईची बोटं गेली. रुळापुढची संरक्षक जाळी कधीच तुटली होती आणि साहेब लोक कानाडोळा करत होते. बायकांनी काम बंद केलं, पक्ष पाठीशी उभा राहिला. मग वरच्या पातळीवर बोलणी झाली आणि पक्षाचा आदेश आला, संप मागे घ्या. बाकीच्या आत गेल्या. वहिनी चार-पाच जणींना घेऊन गेटवरच राहिली, हातात पक्षाचा झेंडा. "जाळी बसू दे, मग जाते," म्हणाली.

वरच्यांना खरं झोंबलं ते झेंड्याचं.

या शाखेची एक रीत होती. कुणालाही काढायचं तर सगळ्यांचे हात वर हवेत. एक जरी खाली राहिला तरी विषय पुढच्या बैठकीवर जायचा. अध्यक्षाने हात शेवटी वर करायचा. आणि ज्याच्यावर ठपका, त्याचा हात मोजायचा नाही. पण त्याने आपणहून स्वतःविरुद्ध हात वर केला, तर चूक कबूल झाली असं धरून ताकीद देऊन ठेवून घ्यायचं. मागे एक ड्रायव्हर बैठकीला झिंगून आला होता. त्याच्यावर ठराव आला तेव्हा त्याने एकदम दोन्ही हात वर केले. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली आणि ड्रायव्हर पक्षात राहिला.

फिटरचा सगळा भरवसा या रीतीवर होता. आपण हात वर करू, ती समजेल, तीही करेल, आणि प्रकरण मिटेल. हे तिला घरी सांगता आलं असतं. पण विषय ज्याचा, त्याच्याशी अध्यक्षाने आधी बोलू नये, असाही नियम होता. ती तो विषय काढायला गेली, तसा फिटर तिला म्हणाला, "बैठकीआधी नको." नियम पाळण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तीही मग मुकाट्याने भांडी घासत राहिली.

बैठकीत चिटणीस उठला. तरुण, हुशार, बोलणं घोटीव. "संप पक्षाने मागे घेतला," तो म्हणाला, "मग वहिनी, तुमच्या हातातला झेंडा कुणाचा?"

वहिनी बसूनच बोलली. "बाईचा हात यंत्रात जाऊ द्यायचा नाही, हे मला पक्षानेच शिकवलं. आता पक्षच म्हणतोय, यंत्र चालू करा. दोन्ही कसं ऐकू? मी पहिलं ऐकलं."

एकेक हात वर गेला. ड्रायव्हरचाही गेला, मान खाली घालून. उरला अध्यक्षाचा.

फिटरने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. त्याने हात वर केला आणि डोळ्यांनी खुणावलं, आता तू. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"एकमताने मंजूर." हे वाक्य अध्यक्षानेच म्हणायचं असतं. त्याने म्हटलं.

वहिनी उठली. आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि जिना उतरून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं फिटरला. पण यादीत अजून विषय होते, पक्षाच्या मेळाव्याचाही. त्याने ते एकेक करून सगळे संपवले. या माणसाला काय म्हणावं!

तो घरी आला तर ताटं वाढलेली होती.

"हात का नाही वर केलास?" दारातूनच त्याने विचारलं. "ताकीद देऊन सोडलं असतं!"

"चूक केली नव्हती म्हणून." ती पाणी ओतत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही खाली ठेवाल. विषय पुढे गेला असता. तोवर जाळी बसतेय. साहेबांनी काल कबूल केलं, माणूस मापं घेऊन गेला. मग कसला विषय आणि कसला ठराव?"

फिटर मटकन खाली बसला. "मला सांगायचंस तरी!"

"सांगायलाच आले होते. तुम्ही नको म्हणालात."

दोघं जेवायला बसली. एरवी बैठकीहून दोघं मिळून यायची आणि वाटभर चिटणिसाच्या नकला, याचं चुकलं, त्याचं बरोबर, असं चालायचं. शेवटी तीच नेहमीसारखी म्हणाली, "मग? मेळाव्याचं काय ठरलं?"

"शाखेतलं बाहेरच्यांना..." फिटरच्या तोंडून निघालं आणि तो थिजला. वर्षानुवर्षं शेजाऱ्यांना, भावाला, सगळ्यांना दिलेलं उत्तर. जीभ सवयीने पुढे धावली होती.

ती टोमणा मारती, ताट भिरकावती, तरी त्याला बरं वाटलं असतं. पण तिने घास खाली ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "खरंच की. मी विचारायला नको होतं."

फिटर ताटावरच रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. मेळाव्याचं तिने पुन्हा कधीच विचारलं नाही.