ग्वाल्हेरनं जिंकलेली शिल्ड

मी गुणवंता, बोरगावच्या कबड्डी संघाचा कप्तान. तेव्हा वय छत्तीस, अन् एक गुडघा कुरकुरत राहे. सहा वर्षं आम्ही सौसर-पांढुर्णा कबड्डी मंडळात जागा मागितली, सहाही वर्षं जागा नाही म्हणाले. मले शिल्ड-बिल्ड नको होती. गुडघा शाबूत आहे तोवर भोंग्यावर बोरगावचं नाव एकदा आयकायचं होतं, बस.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नरखेड अन् काटोल मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव, पांढुर्ण्याचे कापसाचे व्यापारी, नियमाचे लय पक्के. परराज्याचे संघ चालत नाहीत म्हणून त्यांनी दोन्ही काढून टाकले. त्यांची स्वतःची पोरगी नरखेडले दिलेली, पण नियम तो नियम. आपल्याले काय, दोन जागा रिकाम्या झाल्या. मी गावात गूळ वाटला.

जागा द्यायच्या आधी गावाची तपासणी करायची, अन् तपासणी म्हणजे रोडगे, अशी मंडळाची रीत. माझ्या बायकोनं, कलाबाईनं, गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. भगवंतरावांनी मैदानाकडे पाठ करून सात रोडगे रिचवले अन् मैदान उत्तम आहे म्हणाले.

बैठकीत जागा दिल्या कोणाले? भोपाळले अन् ग्वाल्हेरले.

"आता राजधानी तिकडं आहे, गुणवंता," मंडळाचे सचिव रघुनाथराव मास्तर मले समजावून राहिले होते. "मोठी नावं असली तं शिल्ड द्यायले मोठा साहेब येईल. बोरगावासाठी कोण येते?"

"अन् ते खेळायले येतील का जी?"

"सभासद झाले ना. होकाराचं कार्ड आलं त्यांचं."

कार्डच आलं, माणसं आली नाहीत. पहिला उपांत्य सामना भोपाळ विरुद्ध ग्वाल्हेर. दोघंही गैरहजर. मंग चिठ्ठी टाकली, अन् ग्वाल्हेर अंतिम सामन्यात.

अंतिम सामन्याच्या दिवशी सौसरच्या मैदानावर ही गर्दी. छिंदवाड्याचे साहेब खुर्चीवर, पांढुर्ण्याचे पोट्टे तयार, अन् समोर कोणीच नाही. मी अन् माझे पोट्टे सामना पाहायले गेलो होतो; भगवंतराव माझ्यापाशी आले, हात जोडून.

"तुझे पोट्टे उभे कर बाप्पा. आजच्यापुरतं ग्वाल्हेर व्हा."

असा राग आला का तिथंच दोन शब्द सुनवावे. पण माझ्या पोट्ट्यांनी सदरे काढलेही होते. सहा वर्षांची भूक होती त्यांची. उभे राहिलो.

पांढुर्ण्याले आम्ही धू धू धुतलं. शेवटची चढाई माझी. तिघांले शिवलो, वळताना गुडघा कटकन वाजला, तसाच सरपटत रेघेले हात लावला. भोंग्यावर पुकारलं, ग्वाल्हेर विजयी.

साहेबांनी हात मिळवला. "ग्वालियर में कहाँ रहते हो?"

"बोरगाव," मी म्हटलं.

"मोहल्ला है साहब, पुराना," भगवंतराव मधातच बोलले.

फोटो निघाला तशी रघुनाथरावांनी माझ्या हातून शिल्ड काढून घेतली अन् दुसऱ्या दिवशी पार्सलनं ग्वाल्हेरले पाठवली.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज केला. उत्तराचं कार्ड आलं, बोरगावनं आजवर एकही सामना जिंकल्याची नोंद नाही, सबब विचार करता येत नाही. खाली भगवंतरावांची सही. तोवर माझं खेळणं कायमचं बंद झालं होतं. ते कार्ड कलाबाईले वाचून दाखवता दाखवता मी ढसाढसा रडलो, अन् मले त्याची काही लाज वाटली नाही.