नागदगडाचं पाणी

आमच्या बंदरात देवसुद्धा वाऱ्याबरोबर येतात. पश्चिमेकडून विष्णुभक्तांची जहाजं कापूर न्यायला येऊ लागली, तेव्हा माझे सासरे विष्णूचे भक्त झाले. पुढे श्रीविजयाच्या महाराजांचं आरमार पसरलं, तसा आमच्या ह्यांनी देवळाशेजारीच बुद्धाचा विहार बांधला. विष्णूनं काही कुरकुर केली नाही.

हे म्हणजे दातू कुमांग, बंदराचे मुखिया. माणूस मनाचा गोड, पण बढाईखोर. गेल्या वर्षी ह्यांच्या डोक्यात आलं, आपणही राजा व्हावं. महाराजांना न विचारता चीनच्या बादशहाला चार रांजण कापूर आणि एक पत्र धाडून मोकळे झाले. "बादशहानं एकदा राजा म्हटलं की आपल्याला कोण अडवतंय!" असं म्हणत आठवडाभर छाती काढून फिरत होते.

आणि आता महाराजांचं जहाज येऊन ठेपलं. त्यावर सात फण्यांचा नाग कोरलेला दगड होता. त्या दगडावरून ओघळलेलं पाणी पिऊन सगळ्यांनी शपथ घ्यायची. चोरून परक्यांशी संधान बांधलेलं असेल, तर पाणी पोटात गेल्यागेल्या माणूस खलास. प्यायला नाही म्हटलं, तर खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या लढाऊ नावा बंदर पेटवणार.

सकाळी ह्यांनी साबुदाण्याच्या लापशीला हात लावला नाही.

"मेनूर, मी पिणार."

"आणि मेलात म्हणजे?"

"मी एकटा मरेन. चूक माझी, कोळ्यांची घरं कशाला जळायला हवीत?"

वीस वर्षांच्या संसारात मला ह्यांच्याबद्दल एवढं प्रेम कधी वाटलं नव्हतं. रागही तेवढाच आला. "ही अक्कल गेल्या वर्षी कुठे चरायला गेली होती?" मी म्हणाले आणि रडत बसले.

दुपारी सगळे देवळापुढे जमले. महाराजांच्या लेखनिकानं नाकात शपथ वाचली, मग ती घेणाऱ्यांची यादी: राजपुत्र, सेनापती, मुखिया, व्यापारी, नावाडी, अगदी धोबीसुद्धा. "धोब्यानं कसलं बंड करायचं? मळके कपडे परत पाठवायचे?" मागून कुणीतरी म्हणालं.

रीतीप्रमाणे पहिला घोट महाराजांच्या माणसानं घ्यायचा. तो नायक ललावी, चांगला ढेरपोट्या गडी. त्यानं वाडगा तोंडाला लावला, मान मागे टाकली, मिशा पुसल्या. पण त्याचा गळा हललाच नाही. मी तीन पोरांना काढे पाजलेत, गालात धरलेलं औषध मला लांबून कळतं.

"नायक, घोट अडकला का? पाठीत थाप घालू?"

तो लालबुंद झाला. तोंड भरलेलं, बोलणार कसा? विडा द्यायच्या निमित्तानं मी त्याला देवळामागे नेलं. तिथे तो भसकन थुंकला.

"वहिनी, ओरडू नका हो!" मघापर्यंत मी कुणी नव्हते, आता एकदम वहिनी.

"किती रांजण?"

"सहा. महाराजांच्याच कोठारातला कापूर, चिनी कप्तानाला दिला."

"आमचे चारच होते."

त्यानं डोळे विस्फारले. मग आम्ही दोघंही हसलो.

"हे बघा," मी म्हटलं, "शपथ आजपासून लागू करा. मागचं कुणीच उकरायचं नाही."

"असं चालतं?"

"दगड तुमचा, वाचणारा तुमचा, आणि मला विचारताय?"

लेखनिकानं शपथ पुन्हा वाचली, या वेळी 'आजपासून' घालून. नायकानं घटाघटा वाडगा रिकामा केला. मग ह्यांची पाळी आली. हे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. हे डोळे घट्ट मिटून पाणी प्यायले आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं एक डोळा उघडला.

"अजून आहे का?"

सगळे खो खो हसले. मी मात्र पुन्हा रडले.

वाडगा फिरत फिरत शेवटच्या धोब्यापर्यंत गेला आणि लेखनिकानं तो पालथा घातला.

"आणि आम्ही बायका?" मी विचारलं.

"यादीत नाहीत," तो वर न बघता म्हणाला. "बायका कसलं संधान बांधणार?"

आम्ही घरी निघालो. "सुटलो खरा," हे म्हणाले, "पण आता जन्मात चीनला पत्र जायचं नाही. शपथ घेतली ना."

"तुम्ही घेतलीत," मी म्हटलं. "मला वाडगा कुणी दिलाच नाही. पुढचं चिनी जहाज कधी येतंय?"

हे वाटेतच थांबले. "मेनूर! राणी व्हायचंय की काय तुला?"

"बघू, बादशहा काय म्हणतो ते."