हळदीचा उजेड

खंडेनवमीला जोतीराम लेकीला डबा द्यायला बारामतीच्या कॉलेजात आले आणि प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "तुमी अवजारं पुजली न्हाईत व्हय?" सकाळीच गावी, सणसरला, ट्रॅक्टर, कोयते, खुरपी पुजून आलेला माणूस. हळदीकुंकवाची पुडी खिशातच होती. उत्कर्षा नको म्हणेस्तोवर त्यांनी थेंब मोजून सोडायच्या पिपेटवर हळदीची बोटं ओढलीसुद्धा. बापाचा हात कोण धरणार? ते गेल्यावर तिनं पिपेट पुसलं. घाईघाईनं पुसलं, हे मात्र खरं.

उत्कर्षाचं काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. कर्करोगाच्या पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना बिलगून बसतात, म्हणून ती पेशी मरता मरत नाही. त्यातल्या एकाच्या जागी ती निळ्या दिव्याखाली चकाकणारा पेप्टाइडचा, म्हणजे छोट्याशा प्रथिनाचा, तुकडा चिकटवायची. चिकटलेला असेपर्यंत तो मिणमिणता, औषधानं जोडी सोडवली की लख्ख. वर्षभरात एकाही औषधानं जोडी सोडवली नव्हती. त्या दुपारी मात्र उजेड पडला, हिरवा, भरघोस. आणि या शहाण्या मुलीनं दुसऱ्यांदा तपासायच्या आधीच औषध सापडलं म्हणून आईला फोन लावला. मुक्ताबाईंना तोच आजार होता ना!

मग तिनं तपासलं. पेप्टाइड घातलंच नाही, त्याच पिपेटनं नुसतं औषध सोडलं, तरी तसाच उजेड. पिपेटच्या टोकाशी निळा दिवा धरला, तर खाचेत अडकलेली हळद हिरवी चमकत होती. निळ्या दिव्याखाली हळद चमकते, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तिला ब्रह्मांड आठवलं.

ती तडक सणसरला गेली. आई ओसरीवर बसून भाकरी खात होती, कितीतरी दिवसांनी मन लावून.

"पुण्याचं केमो बंद केलं बग," आई म्हणाली. "केस गेलं, तोंड आलं, लई भोगलं. आता तुजं औषध हाय न्हवं." जोतीरामआबांनी पुण्याला नेणाऱ्या गाडीवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंही होतं.

"आई, ते औषध न्हवतं गं. आबांनी लावलेली हळद चमकली. माजं चुकलं. आन् खरं निघालं असतं, तरी माणसाला द्यायला धा-बारा वर्सं जात्यात. उद्या पुण्याला चल, तुज्या पाया पडते."

आई घास चावायची थांबली. उत्कर्षाला वाटलं, समजलं. आईचे डोळे भरून आले, पण भलत्याच कारणानं.

"ऐकलं का," ती आबांना म्हणाली, "तुमच्या हळदीनं उजेड दिला. नवरात्रात देवीनंच कौल दिला."

उत्कर्षानं पुन्हा सांगितलं. निळा दिवा, पिपेट, खाच, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितके त्या दोघांचे चेहरे फुलत गेले. तिला स्वतःचा राग आला, त्यांचा आला, शेवटी ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.

"रडू नगं," आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "आजपासनं दुधातनं घेती की मी."

आबा हळदीचा डबा आणायला आत गेले.