आप्पांच्या नावावरचं कनेक्शन

पोलिसांची गाडी अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर थांबली तेव्हा तेजस्वी वरच्या खोलीत एका कोळंबीच्या व्यापाऱ्याचा जीएसटी भरत होती. नवरा निलेश बोटीवर होता, त्याचा फोन कधी लागेल सांगता येत नसे. घरात ती आणि सासरे आप्पा, दोघंच. आप्पांचा कॉम्प्युटर खाली माजघरात, तिचा वर. इंटरनेट एकच. राऊटरमधून एक वायर आप्पांना, दुसरी जिन्याच्या कडेने तिच्या टेबलापर्यंत.

"हरिश्चंद्र मयेकर कोण?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मीच," आप्पा म्हणाले.

"मंगळवारी दुपारी तुमच्या कनेक्शनवरून एका कंपनीला मेल गेलाय. गोदाम जाळण्याची धमकी आहे."

 मंगळवारी दुपारी तेजस्वी मिरकरवाडा बंदरावर होती, आणि घरात आप्पा एकटे.

फौजदारबाई तिच्याकडे वळल्या, तसे आप्पा मध्ये आले. "सुनेला यात ओढू नका. कनेक्शन माझं आहे. काय झालं असेल ते माझ्याकडूनच झालं."

दोन्ही कॉम्प्युटर गाडीत गेले. उद्या सकाळी दोघांनी ठाण्यात हजर व्हायचं, असं सांगून पोलीस निघाले. शेजारची मालनकाकी गडग्यावरून डोकावत होती. तेजस्वीने दार लावून घेतलं.

 रात्री तिने भात वाढला. आप्पांनी तो नुसता चिवडला. ती त्यांच्या हातांकडे बघत होती. लग्न होऊन आल्यापासून हाच माणूस तिला बाजारातून तिच्या आवडीचे बांगडे आणून देत होता. याच हातांनी असलं काही लिहिलं असेल? अशा माणसाबरोबर आपण एकटे राहतोय? तिने ताट बाजूला सारलं.

शेवटी तिनेच विचारलं, "आप्पा, का केलंत असं?"

आप्पांनी मान वर केली. "मी? मी कशाला करू गो? मी तेव्हा झोपलेलो. मला वाटलं, मध्येच घरी येऊन तू..."

"मी?"

"तुझ्या कामातल्या कोणी धाक घातला असेल. फसवलं असेल. निलेश इथे नाय. तुला धरून नेली असती तर त्याला काय सांगणार होतो मी?"

तिला रडू फुटलं. आपण काय काय मनात आणलं होतं, ते तिला बोलवेना. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिने नाही आणि त्यांनीही नाही, तर मंगळवारी दुपारी या घरात होतं कोण?

आप्पांनी बॅटरी घेतली. माळा, न्हाणीघर, मागची पडवी, सगळं दोघांनी मिळून पाहिलं. कुठल्याही दाराची कडी उचकटलेली नव्हती. त्याने धीर आला नाही, उलट भीती वाढलीच.

सकाळी दोघांनी ठाण्यात जाऊन हेच सांगितलं. उत्तर मात्र आठवड्याने तिथेच मिळालं. "मेल तुमच्याच कॉम्प्युटरवरून गेलाय," फौजदारबाई तेजस्वीला म्हणाल्या. "हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकटातलं घेतलं होतंत ना? त्याच्याबरोबर एक माणूस आत शिरला. कुठून तरी लांबून तो तुमचा कॉम्प्युटर चालवत होता. तुम्ही तो चालू ठेवून बाहेर जायचात, ते त्याला ठाऊक होतं."

"ठाऊक कसं?"

"कॅमेऱ्यातून बघत होता. गणपतीच्याही आधीपासून."

तेजस्वीने ओढणी गळ्याशी आवळून धरली. वरची ती खोली तिची झोपायचीही होती. ती तिथे कपडे बदलायची. निलेशची आठवण आली की तिथेच बसून रडायची. आप्पा खाली मान घालून जमिनीकडे बघत राहिले.

दोघांवरचा संशय गेला. तो माणूस मात्र सापडला नाही. तो कुठला, त्याने काय काय पाहिलं, पाहिलेलं साठवून ठेवलंय का, हे कोणालाच सांगता येईना.

काम सोडून भागणार नव्हतं. तेजस्वीने नवा कॉम्प्युटर घेतला, त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि टेबल माजघरात आप्पांच्या शेजारी आणून मांडलं. आप्पांनी काही न विचारता आपली खुर्ची सरकवून जागा करून दिली. काम करताना मध्येच तिची बोटं थांबतात, मान मागे वळते. मागे भिंत असते. तरी ती वळून बघते.